सिंहगड जीपने उतरले, किलिमांजारो पायाने

वर्षभर मी दर रविवारी सिंहगड चढत होते. उतरत मात्र नव्हते.

पहाटे साडेपाचला पायथ्याची आतकरवाडी, पाठीवर सात किलोची सॅक (पाण्याच्या बाटल्या आणि तांदळाची एक पिशवी). सुरुवातीला पावणेदोन तास लागायचे, ते नंतर सव्वा तासावर आले. वर पोचलं की मडक्यातलं दही, आणि मग शेअर जीपने पायथ्याला. ही जीप म्हणजे आळस नव्हता, हुशारी होती. ‘चढल्याने दम वाढतो, उतरल्याने गुडघे झिजतात’ हे आमच्या ग्रुपमधलं ब्रह्मवाक्य. माझं वय ५१, त्यातून बँकेत दिवसभर खुर्ची. गुडघे किलिमांजारोसाठी, टांझानियातल्या आफ्रिकेच्या सर्वोच्च डोंगरासाठी, शिल्लक ठेवायचे, असा हिशेब. बँकेतली बाई शिल्लकेचाच विचार करणार.

हिशेब कुठे चुकला ते कळायला ५८९५ मीटरवर जावं लागलं.

चढाईबद्दल मी फार लिहीत नाही, ते सगळेच लिहितात. माचामे मार्ग, सात दिवस, आम्ही आठजण. किलिमांजारोला दोरखंड लागत नाहीत, बर्फात कुऱ्हाड मारावी लागत नाही, चालता येणारा माणूस चालत वर जाऊ शकतो. फक्त हळू जावं लागतं. वाटेत येणारा-जाणारा प्रत्येक पोर्टर ‘पोले पोले’ म्हणतो. स्वाहिलीत पोले पोले म्हणजे हळूहळू. आमच्या गाइडचं वय असेल तिशीचं, तो मला ‘मामा’ म्हणायचा. तिकडे मामा म्हणजे आई, काका म्हणजे थोरला भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. ग्रुपमधल्या धाकट्या मुलीला सगळे ‘दादा’ म्हणत होते. पहिले दोन दिवस आम्ही यावरच हसत होतो. शेवटच्या कॅम्पचं नाव बराफू, म्हणजे आपलं बर्फच, फारसीतून दोन्हीकडे गेलेलं. बराफू साधारण ४६७० मीटरवर आहे. तिथून रात्री साडेअकराला निघालो आणि सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी उहुरूच्या, म्हणजे सगळ्यात उंच टोकाच्या, पाटीपाशी उभी होते.

उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. जर्मनांच्या काळात या टोकाला त्यांच्या कैसरचं नाव होतं, १९६१ साली टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) स्वतंत्र झाल्यावर हे नाव मिळालं. हे मी घरून वाचून गेले होते आणि पाटीजवळ उभं राहून आठवेन म्हटलं होतं. प्रत्यक्षात डोकं असं ठणकत होतं की स्वतःचं नाव आठवलं तेवढं पुष्कळ. हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. फोटो काढला, रडले (सगळे रडतात), डावीकडे हिमनदीची निळसर भिंत उन्हात चकाकत होती ती बघितली. पंधरा मिनिटांत गाइड म्हणाला, “मामा, आता खाली.”

मला वाटलं, संपलं. आता काय, उतारच तर आहे.

स्टेला पॉइंटपर्यंत, म्हणजे ५७५६ मीटरपर्यंत, ज्वालामुखीच्या विवराच्या कडेने वाट हळूहळू उतरते, तिथे काही जाणवलं नाही. स्टेला पॉइंटपासून मात्र सरळ घसारा. रात्री हीच वाट गोठलेली होती, पाऊल ठेवलं की राहायचं. सकाळी ऊन लागून ती मोकळी झालेली. राखेसारखी बारीक माती, वर सुट्टे दगड, पाय टाकला की फूटभर घसरून मग थांबतो. सह्याद्रीत आपण घसारा उतरतो तो पन्नास-शंभर मीटर, आणि त्याबद्दल वर्षभर सांगतो. इथे तो हजारेक मीटर उंचीचा. ज्यांना जमतं ते टाचा रोवून अक्षरशः घसरगुंडी करत जातात, धुळीचा लोट उडवत. आमच्यातला नाशिकचा मुलगा असा वीस मिनिटांत दिसेनासा झाला. माझी हिंमत होईना. मी प्रत्येक पाऊल अडवत, तोलत, ब्रेक दाबत उतरत होते.

हीच ती ब्रेक दाबण्याची गोष्ट. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना त्याला उलटं काम असतं: ताणला जाताना भार धरून ठेवायचा आणि थोडा थोडा सोडायचा. लोखंडी कपाट दोराने गच्चीवरून खाली सोडताना हात सोलतात ना, तसं. दोर ओढणाऱ्यापेक्षा सोडणाऱ्याचे हात जास्त सोलतात. स्नायूतले बारीक तंतू अशा कामात तुटतात, आणि गंमत म्हणजे तेव्हा कळत नाही, कारण दम लागत नाही. चढताना छाती भात्यासारखी चालते, शरीर ओरडून सांगतं की थांब. उतरताना श्वास शांत, हवा दर पावलाला दाट होत चाललेली, डोकं हलकं होतंय. सगळी लक्षणं ‘तू बरी आहेस’ म्हणतात आणि खाली मांड्या मुकाट्याने फाटत असतात.

तासाभराने उजवा पाय थरथरायला लागला. थंडीची थरथर नव्हे. एका जागी उभी राहिले की गुडघ्याच्या वरचा भाग शिलाई मशीनच्या सुईसारखा टकटक हलायचा. मी त्याच्याकडे बघत बसले, जणू तो कुणा दुसऱ्याचा पाय आहे. हाताने दाबून धरला तरी थांबेना. रात्रभर पाण्याशिवाय चालले होते, कारण सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीच्या पाइपातलं पाणी गोठलं होतं आणि बाटली काढायला हातमोजा उतरवायची तयारी नव्हती. पोटात सकाळपासून दोन खजूर आणि अर्धी चिक्की. पुढच्या पावलाला गुडघा दुमडला तो सरळ झालाच नाही, मी मागे बसले आणि बसल्या बसल्याच दहा-बारा फूट खाली गेले. पॅंट मागून फाटली. लागलं काही नाही.

गाइड वर आला, माझ्या बगलेत हात घातला आणि म्हणाला, “पोले, मामा. पोले साना.”

मी चिडून म्हटलं, हळूच तर चाललेय, आणखी किती हळू? तेव्हा तो हसला. एकदाच ‘पोले’ म्हटलं की तो अर्थ नाही. ‘पोले’ म्हणजे वाईट वाटतंय, तुझ्या दुःखात आहे. ‘पोले साना’ म्हणजे फार वाईट वाटतंय. सहा दिवस वर जाताना ऐकलेला शब्द उतरताना वेगळाच निघाला. तिथून बराफूपर्यंत आम्ही दोघं संभाजी बागेतल्या जोडप्यासारखे हातात हात घालून उतरलो, मी सगळं वजन त्याच्यावर टाकून. पावणेअकराला तंबूत आडवी झाले तेव्हा नाकातून काळं येत होतं, दात धुळीने करकरत होते.

इथे दिवस संपला असता तर बरं झालं असतं. पण बराफूला पाणी नाही, पोर्टर ते खालच्या ओढ्यावरून डोक्यावर आणतात. शिवाय दुसऱ्या रात्रीची गर्दी येणार असते. तासभर झोप, वाटीभर सूप, आणि बाराला परत चालायला सुरुवात. म्वेका कॅम्प ३१०० मीटरवर. म्हणजे एका दिवसात शिखरापासून २८०० मीटरचा उतार, तोही आधी रात्रभर सव्वाबाराशे मीटर चढून झाल्यावर. आतकरवाडीहून सिंहगड साधारण सहाशे मीटर. जीपमध्ये बसून मी कधी हा गुणाकार केला नव्हता.

दुपारच्या टप्प्यात मांड्या सोडून आता बोटांची पाळी. बूट रात्री निघताना अंधारात, बधिर हातांनी बांधले होते, चढण्यासाठी जसे बांधतात तसे, वरून सैल. उताराला नाडी सोडून पुन्हा बांधायची असते: घोट्यापाशी आवळून, टाच मागे बसवून, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. मला हे माहीत होतं. वाकण्याचा कंटाळा केला. एवढ्या आळसाने माझी दोन नखं गेली. दर पावलाला दोन्ही अंगठे बुटाच्या नाकावर आपटत होते. पाच तासांत किती पावलं होतात ते तुम्हीच मोजा. सुरुवातीला ठणका, मग आग, मग काहीच नाही. काहीच न वाटणं चांगलं नसतं, हेही माहीत होतं.

वाटेतल्या मिलेनियम कॅम्पच्या खाली मागून आरडाओरडा ऐकू आला. बाजूला झालो. पाच-सहाजण एकचाकी स्ट्रेचर घेऊन धावत गेले. मधोमध एकच चाक, पुढेमागे माणसं, वर झोपण्याच्या पिशवीत बांधलेला एक गोरा गृहस्थ, तोंडावर टोपी. दगडांवरून ते चाक असं उडत होतं की बघून माझ्याच मणक्यात कळ आली. विरळ हवेच्या आजारावर पहिला उपाय हाच, खाली न्या, लवकर न्या. गाइडने माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या. तुला हवंय का, असा प्रश्न. मी काठ्या टेकवून सरळ उभी राहिले आणि चालायला लागले. मानाचं काही नाही, त्या चाकाची भीती.

पोर्टर लोकांबद्दल एक सांगायलाच हवं. मी ज्या उतारावर काठ्यांवर लोंबकळत होते, तिथून ते डोक्यावर तंबू, गॅस, खुर्च्या घेऊन पळत जात होते. वीस किलोची मर्यादा आहे त्यांच्या ओझ्याला, त्यावर स्वतःचं सामान वेगळं. पायात काहींच्या साधे कॅनव्हासचे बूट. त्यांच्या मांड्या काय वेगळ्या मातीच्या नाहीत, त्या दर पंधरवड्याला हा उतार उतरतात एवढाच फरक. स्नायू एकदा उताराने दुखावला की पुढच्या वेळी तेवढा दुखावत नाही, त्याचं संरक्षण काही आठवडे टिकतं. व्यायामशास्त्रातली ही जुनी, पक्की गोष्ट. नंतर वाचली. निघायच्या आधी चार-पाच रविवार मी सिंहगड नुसता उतरले असते, जीपने वर जाऊन, तरी चाललं असतं.

पाच वाजता म्वेका कॅम्प. इथे दोन गोष्टी घडल्या, एक सुखाची.

सुखाची आधी. हवा. ३१०० मीटर म्हणजे एरवी विरळच, पण वरून आल्यावर ती बासुंदीसारखी घट्ट वाटते. मी तोंड उघडं टाकून ती नुसती खात होते. आदल्या दिवशी बराफूला बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ७८ दाखवत होता, इथे ९२. सहा दिवसांची डोकेदुखी कुठे गेली कळलं नाही. भूकही परतली, मी दोन ताटल्या भात खाल्ला.

दुसरी गोष्ट संडासाची. कॅम्पवर लाकडी खोपटं असतात, फळ्यांमध्ये चौकोनी भोक, उकिडवं बसायचं. आयुष्यभर असंच बसत आलेली बाई मी, गोऱ्या लोकांची त्यावरून होणारी तारांबळ बघून आठवडाभर मनात हसत होते. त्या संध्याकाळी खोपट्यात गेले, गुडघे वाकवले, आणि एका ठरावीक कोनापलीकडे मांड्यांनी मला सरळ सोडूनच दिलं. भिंतीच्या फळीला दोन्ही हातांनी लोंबकळत, दातात हेडटॉर्चचा पट्टा, जे करायचं ते केलं. उठता येईना. पाच मिनिटं तशीच. शेवटी बाहेर उभ्या मैत्रिणीला हाक मारावी लागली. तिने दार उघडलं, बघितलं, आणि एक अक्षर न बोलता मला ओढून उभं केलं. या मैत्रीला मी जन्मभर बांधील आहे. शिखरापेक्षा ती पाच मिनिटं अवघड होती, हे मी कुठल्याही पाटीखाली उभी राहून सांगेन.

तेव्हाच आणखी एक गोष्ट दिसली होती, टॉर्चच्या उजेडात. लघवीचा रंग चहासारखा. मी पाणी कमी पडलं असं म्हणून सोडून दिलं आणि रात्री दोन वेदनाशामक गोळ्या घेऊन झोपले. नऊ तास, कूसही न बदलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूच्या दारातून बाहेर येताना मी हातांवर रांगत आले. राहिलेला उतार १४६० मीटर, पावसाळी जंगलातून, चिखल आणि लाकडी ओंडके आडवे टाकून केलेल्या पायऱ्या. पायऱ्यांची उंची माणसाच्या पायाचा विचार करून ठेवलेली नाही. पहिल्या तासात मी सगळे प्रकार केले. आडवी होऊन खेकड्यासारखी उतरले. मागे तोंड करून, शिडी उतरतात तशी उतरले. हा प्रकार सगळ्यात सुसह्य, कारण त्यात पोटऱ्या काम करतात आणि मांड्या सुटतात, फक्त कुठे चाललोय ते दिसत नाही. गाइड पुढे चालत मागे बघून “दगड, मामा”, “मूळ, मामा” सांगत होता.

आणि तरीही ते जंगल सुंदर होतं. झाडांना दाढीसारखं शेवाळ लोंबलेलं, वर काळी-पांढरी कोलोबस माकडं, शेपटी गोंड्याची. एका ओल्या कडेला लाल-पिवळं इवलंसं फूल, मागे सोंडेसारखा वळलेला काटा. बघताक्षणी म्हटलं, हा तर तेरडा. खरंच तेरड्याच्याच कुळातलं आहे ते, फक्त किलिमांजारोवरच उगवणारं. श्रावणात आमच्या कड्यांवर जो रंग असतो त्याचाच चुलतभाऊ. त्याच्यापाशी मी दहा मिनिटं बसले. फुलासाठी पाच, उठायला पाच.

म्वेका गेट साधारण १६४० मीटरवर. आमच्या कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याएवढ्या उंचीवर येऊन हे लोक म्हणतात, झालं, खाली आलात. तिथे नोंदवहीत सही केली, प्रमाणपत्र मिळालं. त्यावर शिखराची उंची, पोचल्याची तारीख आणि वेळ. त्यानंतरच्या ४२५५ मीटरचा त्यात उल्लेख नाही.

पायथ्याच्या मोशी गावातल्या हॉटेलात बूट काढले. मोजा अंगठ्यापाशी चिकटला होता. दोन्ही नखं जांभळी-काळी, खाली रक्त साचून वर उचललेली, हात लावला तर डोळ्यांसमोर काजवे. चेहरा आणि घोटे सुजलेले, आरशात माझी थोरली मावशी दिसत होती. वायफाय मिळाल्यावर डॉक्टर मैत्रिणीला फोटो टाकला. तिने शिखराचं अभिनंदन केलं नाही, पहिला प्रश्न विचारला: “लघवीचा रंग कसा आहे?”

सांगितलं. ती गप्प झाली, मग झापायला लागली. स्नायू खूप फाटले की त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकू शकतं. त्यात शरीरात पाणी नाही, त्यात वरून वेदनाशामक गोळ्या, त्याही मूत्रपिंडावरच ताण टाकणाऱ्या. “आजच्या आज तीन-चार लिटर पी, गोळ्या बंद, रंग बदलला नाही तर तिथल्या दवाखान्यात जा, विमानात बसू नकोस.” मी सबंध दुपार बाथरूम ते पलंग अशी फिरत होते, भिंत धरून. रात्रीपर्यंत रंग लिंबू सरबतावर आला. मी आयुष्यात कशाचा इतका आनंद मानला नव्हता.

दुखणं खरं वाढलं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, विमानात आणि घरी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. चढताना काही नाही, दोन-दोन पायऱ्या चढू शकत होते. उतरताना कठड्याला मिठी मारून, उलटी. खालच्या जोशीकाकूंनी तिसऱ्या दिवशी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, “वहिनींना चक्कर वगैरे येते का हो?” नवरा म्हणाला, “नाही, शिखर सर करून आल्यात.” पाचव्या दिवशी मी सरळ तोंडाने जिना उतरले.

उजवं नख सहाव्या आठवड्यात आंघोळ करताना निघालं, दुखलं नाही, साबणाच्या वडीबरोबर हातात आलं. डावं आठ दिवसांनी. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, आता गणपती आलेत. उजवं निम्म्याच्या वर सरकलंय, डावं थोडं वाकडं येतंय. रविवारी शेअर जीपने सिंहगडावर जाते, दही खाते आणि पायवाटेने आतकरवाडीला उतरते. जीपवाला अजून वर सोडल्यावर विचारतो, “मॅडम, परतीचं धरू ना?”